मानद सचिव, बी विंग

बोरिवलीपासून बदलापूरपर्यंत आणि कोथरूडपासून गंगापूर रोडपर्यंत कुठल्याही सोसायटीत जा. इमारतीचं नाव निराळं, बिल्डर निराळा, रंग निराळा, सेक्रेटरी तोच. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे. बँकेतून, विमा कंपनीतून नाहीतर जिल्हा परिषदेतून निवृत्त. घरातसुद्धा इस्त्रीचा शर्ट आणि खिशाला दोन पेनं: निळं सहीसाठी, लाल शेऱ्यासाठी. हातात किल्ल्यांचा जुडगा. त्यात गच्चीची, पंपरूमची, मीटररूमची, नोटीस बोर्डाच्या काचेची, आणि आणखी एक किल्ली, जी कशालाच लागत नाही. पण ती काढायची तर कमिटीत ठराव करावा लागेल, म्हणून आहे.

आमचे सेक्रेटरीही असेच. त्यांना आडनाव असावं, कारण शेअर सर्टिफिकेटवर आडनावाशिवाय चालत नाही. पण सगळ्यांच्या मोबाइलमध्ये ते ‘सेक्रेटरी बी विंग’ एवढेच आहेत. त्यांच्या नातवानं शाळेच्या फॉर्मवर आजोबांचा व्यवसाय ‘सोसायटी’ असा लिहिला होता. वास्तविक या व्यवसायात पगार नाही, रजा नाही, आणि रविवारी सकाळी पावणेसातला बेल वाजते. दारात कुणीतरी टॉवेल गुंडाळून, अंगाला साबण लावून उभं असतं आणि विचारतं, “काका, पाणी का गेलं?” काका स्वतःही डोक्याला तेल लावून तसेच अडकलेले असतात.

मुंबईत गामदेवीला सारस्वत मंडळींनी 1915 साली सहकारी गृहनिर्माण संस्था काढली, ती देशातल्या अगदी सुरुवातीच्या अशा संस्थांपैकी एक. चार लोकांनी एकत्र येऊन परवडतील अशी चांगली घरं बांधावीत, हा हेतू. घरं बांधून झाली आणि जिन्यात कुणाच्या तरी चपला दिसल्या, त्या क्षणी पहिला सेक्रेटरी जन्माला आला असणार. पुढे 1960 चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम आला, आदर्श उपविधी आले, आणि चपलांविषयीच्या त्याच्या मताला कायद्याचं पाठबळ मिळालं.

आमच्या सेक्रेटरींकडची उपविधींची प्रत दर्शन घेण्यासारखी आहे. ब्राउन पेपरचं कव्हर, आणि पानोपानी रंगीत चिठ्ठ्या: पार्किंगला पिवळी, गळतीला निळी, भाडेकरूला गुलाबी. 2019 मध्ये कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आलं तेव्हा त्यांनी रात्री जागून सगळ्या चिठ्ठ्या नव्यानं लावल्या. थकबाकी वसुलीचं जुनं 101 कलम आमच्यासाठी आता 154ब-29 झालं आहे. त्यांना ते पाठ आहे. पण थकबाकीदाराला दम देताना ते अजून “एकशे एक करीन” असंच म्हणतात. “एकशे चोपन्न ब एकोणतीस करीन” हे म्हणून होईपर्यंत लिफ्टचं दार बंद होतं.

त्यांचं खरं वाङ्मय मात्र नोटीस बोर्डावर आहे. घरात “अगं, चहा टाक” म्हणणारा हा माणूस लेटरहेड समोर घेतलं की निराळ्याच भाषेत शिरतो. “सर्व सभासदांना कळविण्यात येते की, काही सभासद आपल्या कुंड्यांना गरजेपेक्षा अधिक पाणी घालीत असल्याचे खालून जाणाऱ्या सभासदांच्या निदर्शनास व डोक्यावर आले आहे.” या नोटिसांत नाव कधीच नसतं. ‘काही सभासद’ म्हणजे 403 मधल्या वहिनी, हे सगळ्या इमारतीला ठाऊक असतं. फक्त 403 मधल्या वहिनींना नसतं. त्या नोटीस शांतपणे वाचतात, मान हलवतात आणि म्हणतात, “बरं झालं लिहिलंत. त्या पाचशे तीनवाल्यांना कुणीतरी सांगायलाच हवं होतं.”

सेक्रेटरींच्या आयुष्याची सगळी शोकांतिका या वाक्यात आहे. नियम आम्हा सगळ्यांना हवेत, अगदी कडक हवेत. फक्त ते शेजारच्या दारापासून सुरू व्हावेत. पॅसेजमध्ये चपलांचं कपाट ठेवू नये हे सर्वमान्य. आमचं आहे ते कपाट नव्हे, बसायला स्टूल आहे, त्यात चपला राहतात इतकंच. दुपारी दोन ते चार ड्रिल मशीन बंद हवं, आमचे कारागीर गावाला जायचे नसले तर. बारा बिऱ्हाडांचा एक नियम आणि बारा अपवाद, हे सगळं डोक्यात घेऊन तो एकटा माणूस जिना चढत असतो. लिफ्ट बंद आहे, अशी नोटीस त्यांनीच लावलेली असते.

लिफ्टचंच घ्या. उपविधी सांगतात की लिफ्टचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्यांनी सारखा वाटून घ्यायचा; तुम्ही ती वापरा वा न वापरा. हे तळमजल्यावरच्या सभासदाला पटवणं म्हणजे उपवासाला बसलेल्याकडून जेवणाची वर्गणी मागणं. आमच्या तळमजल्यावरच्या आजोबांनी पैसे भरले, पण वसूल करायचं ठरवलं. रोज संध्याकाळी ते सातव्या मजल्यापर्यंत जातात, तिथे गच्चीचं दार बंद असल्याचं पाहतात आणि खाली येतात. सेक्रेटरींनी नियमात शोधून पाहिलं. कामाशिवाय वर जायला मनाई आढळली नाही.

पाण्याचा हिशेब याहून नाजूक. पाणीपट्टी नळांच्या संख्येवर आणि आकारावर वाटायची, असं उपविधी म्हणतात. म्हणून नळ मोजायला सेक्रेटरी स्वतः घरोघरी फिरले. एरवी पाहुण्याला अख्खं घर हौसेनं दाखवणारी माणसं त्या दिवशी बाल्कनीकडे जाऊ देईनात. एका घरी सिंकखालच्या नळाला पिशवी अडकवलेली होती. दुसऱ्या घरी “तो नळ नाही काका, शोपीस आहे” असं सांगितलं गेलं. काकांनी शोपीस उघडला, हात धुतले, रुमालाला पुसले आणि वहीत ‘1’ लिहिलं.

गळतीचं प्रकरण आलं की मात्र त्यांच्या चेहऱ्यावर तेज चढतं. 304 च्या छताला ओल आली. 304 म्हणतात, वरून येतंय. 404 म्हणतात, आमची बाथरूम कोरडी ठणठणीत, पाणी पाइपातून येतंय. प्लंबर दोघांच्या घरी चहा पिऊन दोघांचंही बरोबर आहे म्हणतो. नियम तसा स्वच्छ आहे: घरातल्या बाथरूम-सिंकची गळती सभासदानं दुरुस्त करायची, गच्चीची आणि बाहेरच्या भिंतीची सोसायटीनं. पण पाण्यानं उपविधी वाचलेले नसतात. ते गच्चीवर शिरतं, बाहेरच्या भिंतीतून उतरतं, कुणाच्या तरी बाथरूमखाली मुक्काम करतं आणि तिसऱ्याच्या दिवाणखान्यात प्रकट होतं. सेक्रेटरी स्टुलावर चढून ओलीच्या कडेनं पेन्सिलनं रेघ मारतात आणि तारीख घालतात. दर आठवड्याला नवी रेघ. 304 च्या छतावर आता गेल्या दोन पावसाळ्यांचा इतिहास तारीखवार आहे आणि त्या घरचे लोक पाहुण्यांना तो दाखवतात.

पार्किंगवर त्यांनी वेगळं संशोधन केलं आहे. स्टिल्टमधली जागा बिल्डरला विकता येत नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा 2010 चा निकाल त्यांनी लॅमिनेट करून ठेवलाय. कारण बिल्डरनं काहींना ती विकली होती, आणि ते लोक पावती लॅमिनेट करून बसलेत. गाड्या जास्त आणि जागा कमी, म्हणून चिठ्ठ्या टाकायचं ठरलं. चिठ्ठी कुणी काढायची यावर तासभर चर्चा झाली. शेवटी वॉचमनच्या सहा वर्षांच्या मुलीकडून काढून घेतली. ज्यांना जागा मिळाली नाही ते अजून त्या मुलीला चॉकलेट देत नाहीत.

हे सगळे प्रवाह एकत्र येतात ते वार्षिक सर्वसाधारण सभेत. सप्टेंबरअखेरपर्यंत ती घ्यावीच लागते. गणपूर्ती म्हणजे दोन तृतीयांश सभासद किंवा वीस, यांतलं जे कमी असेल ते. तेही जमत नाहीत, हे सेक्रेटरींना अनुभवानं माहीत. म्हणून नोटिशीतच लिहिलेलं असतं: सभा सकाळी 10 वाजता, गणपूर्तीअभावी तहकूब झाल्यास त्याच ठिकाणी 10.30 वाजता. दहाला एकटे सेक्रेटरी हजर असतात. ते खुर्च्यांच्या रिकाम्या रांगांकडे बघून गंभीरपणे सभा तहकूब करतात. साडेदहाला, तहकूब सभेला गणपूर्ती लागत नसताना, वड्यांचा वास आला की तीसजण येतात.

मग प्रश्न सुरू होतात. पुनर्विकासाच्या 79अ च्या प्रक्रियेवर ते पाऊण तास बोलतात, तेव्हा सभा वडे खाते. तीस वर्षं उलटलेल्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर तीन वर्षांनी करावं लागतं, हे ते सांगतात, तेव्हा सभा चटणी मागते. आणि जमाखर्चात ‘झाडू, दोन नग’ वाचलं जाताच मागच्या रांगेतला एक सभासद उठून विचारतो, “दोन कशाला? गेल्या वर्षी एकात भागलं होतं.” सेक्रेटरी फाइल उघडतात. झाडूंची पावती असते. मोडलेल्या झाडूचा फोटोही असतो.

एकदा मध्यरात्री 501 मधल्या काकूंच्या छातीत कळ आली. ॲम्ब्युलन्स फाटकात आली आणि आत येईना, कारण कुणाची तरी गाडी आडवी लावलेली. सेक्रेटरींनी नंबर पाहिला, वहीशिवाय फ्लॅट सांगितला, चौथ्या मजल्यावर जाऊन मालकाला झोपेतून उठवलं, किल्ली घेतली, गाडी स्वतः मागे घेतली. काकू वाचल्या. 501 मध्ये त्यांच्या नावाचा जयजयकार झाला. सकाळी दहा वाजता चौथ्या मजल्याला नोटीस मिळाली: “अनधिकृत जागी वाहन उभे केल्याबाबत.” 501 लाही एक मिळाली: रात्री स्ट्रेचर उतरवताना जिन्यातली कुंडी फुटली, मुळात ती जिन्यात का होती, याचा खुलासा करावा.

दर वर्षी सभा संपताना ते राजीनामा खिशातून काढत आणि सभा तो परत खिशात घालायला लावी. यंदा त्यांनी तो थेट अध्यक्षांच्या हातात दिला आणि पोच घेतली. कमिटीत नावापुरते असलेले, आयटीतले 602 मधले तरुण सभासद सेक्रेटरी झाले. हेच ते, जे ग्रुपवर प्रत्येक नोटिशीखाली हसणारे चेहरे टाकत आणि “काका, जरा रिलॅक्स” लिहीत. आल्या आल्या त्यांनी ॲप आणलं. कागद बंद, नोटिसा बंद, सगळं मैत्रीत सांगायचं. पहिल्या महिन्यात त्यांनी ग्रुपवर लिहिलं, “फ्रेंड्स, प्लीज कचरा वेगळा करू या!” सगळ्यांनी अंगठे दाखवले आणि ओला कचरा सुक्यातच टाकला. दुसऱ्या महिन्यात ‘फ्रेंड्स’ गेले. तिसऱ्यात ‘प्लीज’ गेलं. गणपती झाल्यावर एका सकाळी बोर्डाच्या काचेमागे छापील कागद दिसला. “निदर्शनास आले आहे” खाली दोन रेघा होत्या. परवा ते लिफ्टमध्ये भेटले. वर्क फ्रॉम होम असतानाही शर्टाला इस्त्री होती आणि खिशाला पेन. एकच होतं, पण लाल.

जुने सेक्रेटरी आता साधे सभासद आहेत. उपविधींचं ते ब्राउन कव्हर त्यांनी नव्याच्या हवाली केलं नाही. ती प्रत खासगी मालकीची असल्याचं लेखी कळवलं. सकाळी खुर्ची टाकून ते खाली बसतात आणि कोणती गोष्ट कशी होत नाही ते बघतात. गेल्या सोमवारी ते पत्राच्या दोन प्रती घेऊन सहाव्या मजल्यावर गेले. मागच्या कमिटी सभेच्या इतिवृत्ताची नक्कल, झाडू खरेदीची पावती, आणि 304 च्या छतावरची पेन्सिलची रेघ महिनाभर पुढे का सरकलेली नाही, याचा खुलासा: अशा तीन मागण्या.

नव्या सेक्रेटरींनी पत्र वाचलं. मग लाल पेन काढून वरच्या कोपऱ्यात तारीख घातली आणि म्हणाले, “काका, विषय तीन आहेत. तीन वेगळी पत्रं द्या.”

काकांनी पिशवीतून ती काढून दिली. तिन्ही, दोन-दोन प्रतींत.