उजेड पाडण्याची शास्त्रशुद्ध पद्धत
(रत्नागिरी आणि परिसरातील गॅरेजधारकांसाठी)

दिवा, दोन स्क्रू आणि चार हात वायर, एवढ्यात गॅरेजवर फ्लडलाइट बसतो असं दुकानदार सांगतो. दुकानदाराचं दुकान बाजारपेठेत, काँक्रीटच्या इमारतीत असतं. आपलं घर चिऱ्याचं, सड्यावरचं, खाऱ्या वाऱ्याच्या तोंडावरचं आणि माडाखालचं. सबब ही नियमावली. ती क्रमानं वाचावी. मधला नियम गाळल्यास होणाऱ्या परिणामांना वायरमन जबाबदार राहणार नाही. तो तसाही राहत नाही.

नियम १ : गॅरेज असल्याची खात्री करा

गाडी ठेवतात ते गॅरेज, ही व्याख्या आपल्याकडे लागू नाही. घराच्या कडेला पत्रे घालून काढलेली शेड, जिच्यात गाडी सोडून सगळं असतं, ते गॅरेज. आत आंब्याच्या रिकाम्या पेट्या, पावसाळ्यासाठी भरलेली लाकडं, सोडणं, फवारणीचा पंप, झेले, गणपतीचं मखर आणि ‘कधीतरी लागेल’ या सदरात मोडणारा संसार. गाडी बाहेर फणसाखाली.

तेव्हा पहिला निर्णय : उजेड गाडीवर पाडायचा की गॅरेजवर? गाडीला विमा आहे. ऐन वैशाखात झेला गेला तर मागायचा कुणाकडे? उजेड गॅरेजवरच पाडावा.

नियम २ : उजेड कुणासाठी, ते ठरवा

रात्री अंगणात कोण कोण येतं याची आधी यादी करावी. साधारणतः ती अशी होते : गावातली कुत्री, मोकाट गुरं, कांडेचोर, साळिंदर, रानडुक्कर आणि नशीब बलवत्तर असेल तर बिबट्या. चोर यादीत शेवटी येतो. एप्रिल-मेमध्ये त्याचा क्रमांक वर सरकतो, कारण हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि ही बातमी त्यानंही वाचली आहे. पण तो जातो बागेत, तुमच्या मखरासाठी येत नाही. बागेत राखणीला माणूस असतो.

नजर ठेवण्याच्या कामात रत्नागिरीचा हात कुणी धरणार नाही. ब्रह्मदेशाचा राजा थिबा १८८६ साली इथं आणला गेला. १९१० साली त्याच्यासाठी राजवाडा उभा राहिला आणि १९१६ साली तो इथंच वारला. तीस वर्षांत सुटला नाही. पुढे १९२४ ते १९३७ सावरकर इथं स्थानबद्ध होते. एवढा मोठा बंदोबस्त इंग्रजांनी एकाही सेन्सरशिवाय केला. त्यांच्याकडे माणसं होती. हा मुद्दा लक्षात ठेवावा, नियम १० मध्ये लागेल.

नियम ३ : दिव्याची निवड

दुकानात उभं राहिल्यावर तोंडून ‘शंभर वॅट’ निघतं. ते आवरावं. चांगल्या प्रतीचा ५० वॅटचा एलईडी सुमारे ५००० ल्युमेन उजेड देतो. घरातला ९ वॅटचा बल्ब ९०० च्या आसपास. साध्या शेडला २० ते ३० वॅट पुरतात. शंभर वॅटच्या उजेडात रात्रीचे क्रिकेटचे सामने होऊ शकतात, आणि एकदा उजेड दिसला की वाडीतली मुलं ते भरवतातही.

जुना ५०० वॅटचा हॅलोजन माळ्यावर आहे म्हणून तोच लावू, असा काटकसरी विचार काही घरांत होतो. हॅलोजन रात्री दहा तास जळला तर पाच युनिट जातात, ५० वॅटचा एलईडी तेवढ्याच वेळात अर्धं युनिट घेतो. काटकसर कुठे आहे ते कागदावर मांडून वडीलधाऱ्यांना दाखवावं. ते ऐकतील असं नाही, पण कागद राहतो.

खोक्यावर ‘आयपी ६५’ लिहिलेलं असतं. यातला सहा म्हणजे आत धूळ जाणार नाही, आणि पाच म्हणजे पाण्याचा फवारा सोसेल. ही परीक्षा कशी घेतात तेही माहीत असावं. ६.३ मिलिमीटरच्या तोटीतून मिनिटाला साडेबारा लिटर पाणी अडीच-तीन मीटरवरून किमान तीन मिनिटं मारतात. तीन मिनिटं! रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही आडवा, आणि त्याला तीन मिनिटांनी थांबा असं सांगणारं कुणी नसतं. म्हणून ‘आयपी ६६’ घ्यावा. त्याची परीक्षा मिनिटाला शंभर लिटरनं होते, म्हणजे निदान मृग नक्षत्राशी ओळख झालेली असते.

या परीक्षा गोड्या पाण्याच्या आहेत, खाऱ्या वाऱ्याचा पेपर त्यात नाही. दिवा टिकतो आणि त्याचा स्क्रू गंजतो. स्क्रू व पट्ट्या ‘३१६’ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या मागाव्यात. दुकानदार ‘३०४ पण तसंच असतं’ म्हणेल. ते तसंच असतं, पण पुण्यात.

रंग पिवळसर घ्यावा, ३००० केल्विन किंवा त्याखाली. ६५०० केल्विनचा पांढराफटक उजेड घराला पेट्रोल पंपाची कळा आणतो आणि पहिल्या पावसानंतर उडणारे तालुक्यातले सगळे किडे एकाच पत्त्यावर बोलावतो. त्यांच्यामागून पाली येतात. पालींमागून काय येतं, ते कोकणात राहणाऱ्याला सांगायला नको.

नियम ४ : भिंत

जांभा चिरा हा दिसायला खंबीर आणि ड्रिलला भेटला की हळवा दगड आहे. आठ मिलिमीटरचं भोक पाडायला जावं तर बारा मिलिमीटरचं पडतं आणि बाकीचा चिरा लाल भुकटी होऊन खांद्यावर येतो. अशा भोकात गिट्टी ठोकणं म्हणजे दिवा पुढच्या वादळाच्या नावानं सोडणं. लांब अँकर बोल्ट घ्यावेत आणि भोक स्वच्छ करून सिमेंट किंवा रासायनिक अँकरनं भरून घ्यावं. दोन चिऱ्यांमधल्या सांध्यात भोक पाडू नये. पत्र्याच्या कडेला दिवा अडकवण्याचा मोह टाळावा. जूनमध्ये पत्रा कुठल्या गावी जाईल ते आधी सांगता येत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडच्या लोकांनी हा अनुभव सामुदायिकरीत्या घेतला आहे.

उंची अडीच ते तीन मीटर. वर माड नाही ना, ते पाहावं. नारळाला ‘आयपी’ मानांकन लागू होत नाही.

नियम ५ : वायरमन

हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावं. वायरमन तीन अवस्थांत आढळतो : ‘वाटेत आहे’, ‘उद्या सकाळी येतो’ आणि गणपतीच्या आदल्या संध्याकाळी प्रत्यक्ष. या तिसऱ्या अवस्थेत त्याच्यासाठी सगळा गाव थांबलेला असतो, म्हणून दिव्याचं काम दिवाळीनंतर काढावं. आल्यावर आधी चहा. जुनी वायरिंग बघून तो ‘हे कुणी केलंय?’ असं विचारेल. हा प्रश्न प्रत्येक वायरमन विचारतो, स्वतःच केलेली असली तरी.

नियम ६ : वायर आणि भुई

या नियमात चेष्टा नाही. मेन स्विच बंद केल्याशिवाय शिडीवर चढू नये. दिव्याला स्वतंत्र एमसीबी असावा आणि त्यामागे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे ओल्या भिंतीत वीज उतरली तर माणसाआधी यंत्राला कळेल. वायर पाइपातून न्यावी. दिव्यात शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्यावा, म्हणजे पाणी झोलावरून गळून पडेल, आत जाणार नाही. जोड उघडे न ठेवता बंद पेटीत घ्यावेत आणि पेटीला ग्लँड लावावं. काळी टेप गुंडाळणं हा जोड नव्हे, तो नवस आहे.

अर्थिंग हे सड्यावरचं सगळ्यात अवघड प्रकरण. कोळसा आणि मीठ घालून खड्डा भरतात, पण खाली कातळ असतो आणि कातळ वीज सहजी पोटात घेत नाही. खड्डा शक्य तितका मातीच्या, ओलाव्याच्या बाजूला घ्यावा, तपासणी यंत्रानं मोजून घ्यावा आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घालत जावं. विहीर तळाला गेलेली असताना तुम्ही खड्ड्याला पाणी घालताय हे पाहून गडग्यापलीकडून ‘काय लावलंत तिथे?’ अशी चौकशी होईल. ‘अर्थिंग’ असं खरं उत्तर द्यावं. विश्वास कुणी ठेवणार नाही.

नियम ७ : दिव्याचं तोंड

दिव्याचं तोंड जमिनीकडे. रस्त्यावर उभं राहून दिव्याची काच डोळ्यांत आली तर कोन चुकला, असं समजून वायरमन जाण्याआधी तो बदलावा. उजेड शेजाऱ्यांच्या खिडकीत गेल्यास ते तोंडावर तक्रार करणार नाहीत. फक्त दुसऱ्या दिवशी ‘रात्री दीडला कुणी आलं होतं का हो तुमच्याकडे?’ असं आपुलकीनं विचारतील, आणि हा प्रश्न तुमच्या आधी वाडीत फिरून आलेला असेल.

घर समुद्राकडे असेल तर जास्त काळजी. उजेडाचा हव्यास किनाऱ्याला कसा भोवतो हे मिरकरवाड्याला कुणी शिकवायला नको : एलईडी दिव्यांनी मासळी गोळा करून पकडण्यावर केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली, आणि त्यावरून पारंपरिक मच्छीमारांचा झगडा चालूच आहे. उजेडाचं दुसरं गिऱ्हाईक कासव. वेळास, गुहागर, गावखडी अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले माद्या अंडी घालतात. वेळासला ‘सह्याद्री निसर्ग मित्र’नं २००२ पासून घरटी राखायला सुरुवात केली. वाळूतून वर आलेलं पिल्लू जिकडे क्षितिज उजळ दिसेल तिकडे चालतं, आणि शतकानुशतकं ती बाजू समुद्राची होती. ती तुमच्या गॅरेजची झाली, तर पिल्लू तुमच्या सोडणांकडे येईल आणि वाटेतल्या कुत्र्याला भेटेल. विणीच्या हंगामात समुद्राकडचा दिवा बंद. हा नियम विनोदाखाली मोडू नये.

नियम ८ : सेन्सर

उष्ण अंगाची हालचाल झाली की दिवा लावणारा सेन्सर घ्यावा. त्याला सरळ अंगावर चालून येणारा माणूस उशिरा कळतो, आडवा जाणारा लगेच. म्हणून तो पाखाडीच्या काटकोनात बसवावा. त्यावर तीन बटणं असतात : किती लांबचं पाहायचं, किती वेळ जळायचं आणि किती अंधार पडल्यावर कामाला लागायचं. वेळ एक मिनिटाच्या वर ठेवू नये. एका रात्री वीस वेळा लागला तरी सगळे मिळून वीस मिनिटंच होतात.

वारा सुटला की झावळ्या हलतात आणि दिवा लागतो-विझतो. मे महिन्याच्या उकाड्यात भोवतालची हवाच अंगाइतकी तापते, तेव्हा सेन्सर माणसाला ओळख दाखवत नाही. शिमग्यात पालखी अंगणात आली की मुख्य बटण बंद करून साधा बल्ब लावावा. पालखी नाचत असताना तिच्या तालावर लुकलुकणारा फ्लडलाइट गावाला चालेल, गुरवाला चालेलच असं नाही.

नियम ९ : लाईट गेल्यावर

आपला जिल्हा विजेच्या बाबतीत श्रीमंत आहे. १९६० मेगावॅटच्या कोयना प्रकल्पाची मुख्य वीजघरं चिपळूण तालुक्यात, पोफळी-अलोरे बाजूला आहेत. अंजनवेलला एन्रॉनचा प्रकल्प झाला, बंद पडला, २००५ साली रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नावानं पुन्हा उभा केला गेला. जयगडला १२०० मेगावॅट कोळशावर चालतात. जैतापूरला सुमारे दहा हजार मेगावॅटचा अणुप्रकल्प कागदावर आहे. एवढी वीज अंगणातून जात असल्यामुळे पहिल्या वळवाला आपली लाईट गेली तर मनाला लावून घेऊ नये. ती कुठेतरी कुणाच्या तरी कामाला येत असते.

व्यवहार एवढाच की गेलेली लाईट परत येताना दाब चढ-उतार करत येते, आणि त्यात दिव्यातला ड्रायव्हर जातो. सर्ज प्रोटेक्टर लावावा. गडगडाट सुरू झाला की बटण बंद. आणि कपाटात बॅटरी, सेलसकट, कुठे आहे ते घरातल्या प्रत्येकाला माहीत असावं. सध्या ते फक्त आजीला माहीत असतं.

नियम १० : चाकरमान्यांसाठी पुरवणी

मुंबई-पुण्यात राहून गावचं बंद घर उजळू पाहणाऱ्यांनी कॅमेरावाला फ्लडलाइट घेतलेला असतो. रात्री अडीचला डोंबिवलीत फोन वाजतो : ‘हालचाल आढळली.’ पडद्यावर अंगण, गॅरेज आणि मधोमध शांत रवंथ करणारी गाय. आता पुढे काय? गाईला डोंबिवलीहून हाकलता येत नाही. फोन लावावा लागतो शेजारच्या काकांना. काका म्हणतात, ‘अरे, मी कधीच बघितली. बेडं उघडं राहिलं होतं, लावून आलो. झोप तू.’

इथे नियम २ आठवावा. दिवा दाखवतो. दिसल्यावर उठून जाणारा माणूस लागतो, आणि तो खोक्यात मिळत नाही. म्हणून दिवा बसवून झाल्यावर शेवटचं काम : काकांना बोलावून बटण कुठे, एमसीबी कुठे, लाईट गेली-आली तर काय करायचं, हे दाखवून ठेवावं. ते अर्ध्यात थांबवून ‘कळलं रे, तुझ्या बाबांच्या वेळची मेन माझ्यासमोर बसली’ म्हणतील. तरी पूर्ण दाखवावं.

दिव्याची वॉरंटी दोन वर्षांची असते, पावती जपून ठेवावी. काकांची दर हंगामात वाढवून घ्यावी लागते : पहिल्या काढणीतले दोन डझन, स्वतः नेऊन, आणि ‘घ्या हो, घरचेच आहेत’ असं म्हणून. पावती मिळत नाही.