शुभहस्ते फुटबॉल

जगात फुटबॉल पायाने खेळतात. आपण तो व्यासपीठावरून खेळतो, आणि या प्रकारात आपल्याला हरवील असा देश अजून जन्माला यायचा आहे. शंका असेल त्याने लिओनेल मेस्सीला विचारावं. डिसेंबर २०२५ मध्ये तो भारतात आला, हस्तांदोलनं केली, फोटो काढून दिले आणि अंगाला घाम न लागता परत गेला.

१३ डिसेंबरला कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर त्याचा कार्यक्रम होता. लोक हजारो रुपयांची तिकिटं काढून सकाळपासून बसलेले. मेस्सी मैदानात आला आणि त्याच्याभोवती मान्यवरांचं कडं पडलं. मंत्री, आयोजक, सुरक्षारक्षक, फोटोग्राफर, आणि ज्यांना आत कुणी सोडलं हे कुणालाच ठाऊक नसतं असे दहा-वीस जण. ते प्रत्येक कार्यक्रमात असतातच. ज्याला युरोपातल्या बचावफळ्यांना वीस वर्षं आवरता आलं नाही, त्याला आमच्या मान्यवरांनी वीसेक मिनिटं जागचं हलू दिलं नाही. गॅलरीतल्यांना दिसल्या त्या फक्त पाठी. पाहुणा निघून गेल्यावर बाटल्या भिरकावल्या गेल्या, खुर्च्या मोडल्या, आणि एक गृहस्थ मैदानातला गालिचा गुंडाळून, खांद्यावर टाकून घरी निघाले. तिकिटाचे पैसे वसूल करण्याची याहून सोपी रीत मला तरी सुचत नाही. शहरात मेस्सीचा सत्तर फुटी पुतळाही उभारला होता. त्याचं अनावरण मेस्सीने सुरक्षेच्या कारणावरून लांबूनच केलं. प्रेक्षकांना मेस्सी दिसला नाही आणि पुतळ्यालाही दिसला नाही. भेदभाव म्हणून कुठे झाला नाही.

याच मैदानावर मेस्सी २०११ सालीही आला होता. तेव्हा अर्जेंटिना आणि व्हेनेझुएला यांच्यात सामना झाला, अर्जेंटिनाने तो १-० असा जिंकला. इतक्या लांबून आलेल्या पाहुण्याला तेव्हा आपण चक्क खेळायला लावलं होतं! चौदा वर्षांत आदरातिथ्यात बरीच सुधारणा झाली. आता खेळाची कटकट ठेवलेली नाही.

दुसऱ्या दिवशी मुंबई. वानखेडे हे क्रिकेटचं मैदान असल्यामुळे तिथे फुटबॉल न होण्याची सगळ्यांनाच सवय. त्यामुळे कार्यक्रम शिस्तीत पार पडला. सचिन तेंडुलकरने मेस्सीला जर्सी दिली, मेस्सीने सुनील छेत्रीला दिली, चार चेंडू गॅलरीत मारले. मुख्यमंत्री होते, सिनेमातले तारे होते. मुलामुलींतून खेळाडू घडवण्यासाठी ‘प्रोजेक्ट महादेवा’ सुरू झाला. चांगलंच आहे. फक्त आम्हाला थोडी सवय आहे. १५ सप्टेंबर २०१७ ला ‘महाराष्ट्र मिशन वन मिलियन’ झालं होतं. सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात भरणार म्हणून राज्यातल्या दहा लाख मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळायचा, असा तो संकल्प. मुलं खेळलीही. १६ सप्टेंबरला काय करायचं याचं परिपत्रक बहुधा टपालात असावं. शाळांना मिळालेल्या चेंडूंची नोंद मात्र चोख झाली असणार, कारण आपल्याकडे शाळेत आलेली वस्तू आधी डेडस्टॉक रजिस्टरला चढते, मग कपाटात जाते. पोरांनी मागितला तरी मुख्याध्यापक चेंडू बाहेर काढत नाहीत. काढला, बाभळीच्या काट्यावर गेला, फुटला, तर निर्लेखनाचा प्रस्ताव कोण करणार?

मेस्सी शाली-श्रीफळांत होता तेव्हा आपल्या फुटबॉलचं काय चाललं होतं, तेही सांगतो. महिन्याभरापूर्वीच ढाक्यात आपण बांगलादेशकडून ०-१ हरलो होतो. आशिया चषकाची पात्रता त्याआधीच हुकलेली. एरवी सप्टेंबरात सुरू होणारी इंडियन सुपर लीग डिसेंबर उजाडला तरी सुरू झालेली नव्हती. लीग चालवायला कुणी घ्या म्हणून महासंघाने निविदा काढली, ती एकानेही भरली नाही. महाराष्ट्रात राहणाऱ्या माणसाला यावर विश्वास बसणार नाही. इथे मुतारीच्या दुरुस्तीच्या निविदेलाही तिघे असतात आणि तिघे एकमेकांचे मेहुणे असतात.

खेळाडू विसरायचे आणि त्यांची भूमिका करणारे लक्षात ठेवायचे, ही आपली आणखी एक खुबी. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारत चौथा आला. गोव्यात जन्मलेल्या, मुंबईत खेळलेल्या नेव्हिल डिसोझाने यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल ठोकले. वानखेडेपासून चालत जाण्याच्या अंतरावर कूपरेज मैदान आहे. तिथे बसलेल्या दहा माणसांना हे नाव विचारून पाहा. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या संघाने १९६२ ला जाकार्तात दक्षिण कोरियाला २-१ हरवून एशियाडचं सुवर्ण आणलं. पुढच्याच वर्षी रहीमसाहेब गेले. साठ वर्षांनी ते आपल्याला कळले ते ‘मैदान’मध्ये अजय देवगणने त्यांचं काम केलं म्हणून, आणि तो सिनेमाही आपण थिएटरात जाऊन फारसा पाहिला नाही. वानखेडेवरच्या सोहळ्यात देवगणसाहेब होते. म्हणजे रहीमसाहेबांची हजेरी लागली असं धरायला हरकत नाही.

फुटबॉलच्या हिंदी सिनेमाचा साचा ठरलेला. शेवटच्या मिनिटाला गोल, तोही पावसात, तोही स्लो मोशनमध्ये. नागराज मंजुळेंच्या ‘झुंड’ने मात्र खरी गोष्ट सांगितली. नागपूरच्या झोपडपट्टीतली पोरं, त्यांना जमवणारे निवृत्त क्रीडाशिक्षक (मूळ माणूस विजय बारसे, पडद्यावर अमिताभ बच्चन). मॅच सिनेमाच्या पूर्वार्धातच होऊन जाते. उत्तरार्धात खेळ आहे तो कागदपत्रांचा. परदेशी स्पर्धेला जायचं तर पासपोर्ट हवा, पासपोर्टला दाखला हवा, आणि तू तूच आहेस असं लिहून द्यायला कुणीतरी हवं. रिंकू राजगुरूचं काम असलेली पोरगी आणि तिचा बाप दाखल्यासाठी दारोदार फिरतात. नायकाच्या वाटेत पोलिसांतली जुनी नोंद. विमानतळावरच्या तपासणीच्या चौकटीत तो उभा राहतो तेव्हा थिएटरात जी शांतता पसरली, ती मी कुठल्याही पेनल्टीला अनुभवलेली नाही. समीक्षकांना उत्तरार्ध लांबला असं वाटलं. तहसील कचेरीत कधी न गेलेल्या माणसाला तसं वाटणारच.

प्रवासाचा हा योग आपल्या फुटबॉलच्या पत्रिकेतच वाईट आहे. १९५० साली ब्राझीलमधल्या विश्वचषकाला भारत पात्र ठरला होता. गटातल्या ब्रह्मदेश, इंडोनेशिया आणि फिलिपाइन्स यांनी माघार घेतल्यामुळे आपण बिनविरोध निवडून आलो. आणि शपथविधीला गेलोच नाही. अनवाणी खेळू देईनात म्हणून गेलो नाही, अशी एक बाणेदार दंतकथा आहे. कर्णधार शैलेन मन्ना यांनी पुढे सांगितलं ते साधं होतं: महासंघाला विश्वचषकाचं महत्त्वच वाटलं नाही, त्यांचं सगळं लक्ष ऑलिम्पिकवर. तेव्हापासून विश्वचषकाला आपण जातो ते प्रेक्षक म्हणून.

हे सगळं मी कोल्हापुरातून लिहितोय, म्हणून जरा ताठ मानेने लिहितोय. आमच्याकडे फुटबॉल खरोखर होतो. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ. संघांत तालमीच जास्त. कुस्तीच्या आखाड्यांनी फुटबॉल दत्तक घेतल्याचं जगात दुसरं उदाहरण मला माहीत नाही, आणि त्यामुळे आमचा टॅकलही थोडा लाल मातीतला असतो. शाहू स्टेडियमवर दुपारी चारच्या उन्हात डोक्यावर रुमाल टाकून हजारो माणसं बसतात. आमच्या पेठेतले मामा तिथे कित्येक वर्षं एकाच पायरीवर बसतात. एका हातात फुटाण्याची पुडी, दुसरा हात खेळाडूंना पोझिशन सांगायला मोकळा. सामन्यात नव्वद मिनिटं धावणारी बावीस पोरं असतात, पण थकून घरी जातात ते मामा.

मात्र फायनल असली की आम्हीही राष्ट्रीय प्रवाहात येतो. गेल्या सीझनच्या एका फायनलला दोन्ही संघ वॉर्मअप करून रांगेत उभे राहिले आणि प्रमुख पाहुणे यायचे होते. पोरं गार पडली, पुन्हा पळून गरम झाली, पुन्हा गार पडली. पाहुणे आले. हार झाले, नारळ झाला, प्रास्ताविक झालं. खेळाडूंशी ओळख परेड झाली. पाहुण्यांनी बावीस जणांना एकच प्रश्न विचारला, “काय, तयारी कशी आहे?” मग त्यांच्या शुभहस्ते (शब्द निवेदकाचा) किक-ऑफ. साहेबांच्या पायात कोल्हापुरी चप्पल. त्यांनी दोन पावलं मागे जाऊन तडाखा दिला. चेंडू हातभर सरकला आणि चप्पल सेंटर सर्कल ओलांडून पलीकडे गेली. एका कार्यकर्त्याने धावत जाऊन ती आणली. मामा शांतपणे फुटाणा सोलत म्हणाले, “ऑफसाइड हाय.” गॅलरी पाच मिनिटं हसत होती. सामना ०-० सुटून टायब्रेकरवर गेला. तो कुणी जिंकला हे आज पेठेत विचारलं तर वाद होतो. चप्पल कुठवर गेली यावर मात्र एकमत आहे.

यंदाच्या विश्वचषकाचं वेळापत्रक लागल्यापासून मामा अस्वस्थ आहेत. ४८ देश. त्यांत कुरसाव. कॅरिबियन समुद्रातलं बेट, वस्ती दीडेक लाख. तोही पात्र. केप व्हर्देची वस्ती पाचेक लाख, तोही पात्र.

“पाच लाख म्हंजे आपलं कोल्हापूर,” मामा म्हणाले. “आणि ते दुसरं तर इचलकरंजीच्या निम्मं. आणि आपण?”

मी सांगितलं, कुरसावचे जवळजवळ सगळे खेळाडू जन्मले हॉलंडमध्ये, वाढले तिथेच. आईबापांच्या बेटाकडून खेळतात.

मामा उठून बसले. “म्हंजे बाहेरनंच आणलीत की पोरं! मग आमच्या तालमीनं नायजेरियाचा एक घेतला तर लोकांच्या पोटात का दुखतंय रं?”

यावर जागतिक फुटबॉल संघटनेकडेही उत्तर असेल असं वाटत नाही.

मामांनी मग अमेरिकेला जायचंच काढलं. मी तिकिटांची चौकशी केली. या खेपेला मागणीनुसार दर बदलणार, दिवाळीत खासगी ट्रॅव्हल्सवाले पुण्या-मुंबईच्या सीटचं करतात तसं, फक्त डॉलरमध्ये. व्हिसाला मुलाखत. तिकीटवाल्यांना मुलाखतीची तारीख लवकर देण्याची सोय अमेरिकेने केली आहे, पण मामांचं नाव आधारवर एक, सातबाऱ्यावर दुसरं आणि मतदार यादीत बाईचं आहे. ‘झुंड’चा उत्तरार्ध त्यांच्याच घरात सुरू झाला असता. मामींनी विचारलं, “तिथं फुटाणं मिळत्यात का?” विषय संपला.

आता ठरलंय ते असं. फायनल आपल्याकडे २० जुलैच्या मध्यरात्री साडेबाराला. पेठेत चौकात मोठा पडदा लावायचा. जुलैतला कोल्हापूरचा पाऊस लक्षात घेऊन वर ताडपत्री. पंचगंगा पात्राबाहेर आली तर पडदा दोन गल्ल्या वर न्यायचा, तेही ठरलंय. पोलीस परवानगी, वीज कनेक्शन, साउंडची मर्यादा, सगळ्याला एकेक माणूस नेमला. आणि अर्थातच वीस बाय दहाचा फ्लेक्स.

फ्लेक्सवाल्याकडे मीही गेलो होतो. मध्यभागी चषक हातात घेतलेला मेस्सी. वर साहेब. उजवीकडे माजी नगरसेवक, डावीकडे भावी. खाली शुभेच्छुकांच्या गोल चकत्या, कुणी मोबाइल कानाला लावलेला, कुणी गॉगल घातलेला. पोरगा कॉम्प्युटरवर चेहरे सरकवत होता. तेवढ्यात अध्यक्षांचा फोन आला, पाचजण राहिलेत, त्यांचे फोटो पाठवतोय. पोरग्याने चकत्या बारीक केल्या, साहेब थोडे वर ढकलले, तरी मावेनात. शेवटी माउस थांबवून तो वळला.

“दादा, मधला घालवू काय? लई जागा खातोय.”

अध्यक्ष फोनवर क्षणभर विचारात पडले. मग म्हणाले, “पाय ऱ्हाऊ देत. बॉल दिसला म्हंजे बास.”