चौथी सीट

वाय-फाय अडकलं की सोसायटीत आधी कंपनीचा उद्धार होतो. त्याआधी फोनवर एखादं फुकटचं वाय-फाय ॲनालायझर ॲप घ्या आणि गॅलरीत उभे राहा. पडद्यावर एकमेकांच्या अंगावर चढलेल्या कमानी दिसतील: ‘श्रीकृपा ३०२’, ‘पासवर्ड मागू नये’ वगैरे. त्या गर्दीत एक कमान आपलीही असते.

२.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चॅनेल १३, पण दोन चॅनेलमधलं अंतर ५ मेगाहर्ट्‌झ आणि एका राउटरला लागतात २० आणि वर थोडी मोकळी जागा. म्हणजे धक्का न लागता मावतात तिघेच: १, ६ आणि ११. लोकलच्या बाकावर चौथा सरकून बसतो, तसं इथे जमत नाही.

हे न पटणारा एक शहाणा प्रत्येक इमारतीत असतो. १ वर गर्दी, ६ वर गर्दी, म्हणून हा राउटर ३ वर टाकतो. आता गंमत अशी की एकाच चॅनेलवरचे राउटर एकमेकांचं बोलणं ओळखतात. दुसऱ्याचं संपेपर्यंत थांबतात, मग मनाशी एक आकडा धरून तेवढं मोजतात आणि मगच तोंड उघडतात. वेग कमी होतो, पण भांडण नाही. ३ वरच्याचं बोलणं मात्र १ ला आणि ६ ला निव्वळ खरखर वाटतं. खरखरीसाठी कोण थांबणार? दोघांचं बिघडतं आणि शहाण्याचंही.

याच पट्ट्यातलं ब्लूटूथ मात्र रांगेत उभंच राहत नाही. ७९ चॅनेल, सेकंदाला १६०० उड्या. २००३ च्या १.२ आवृत्तीपासून तर वाय-फायने अडवलेल्या जागा हेरून ते त्या टाळतं. (शत्रूला टॉर्पेडोचा रेडिओ-संदेश बिघडवता येऊ नये म्हणून अशाच उड्यांचं पेटंट हॉलिवूडची नटी हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना १९४२ मध्ये मिळालं होतं. तेव्हा चॅनेल ८८.) मोबाइलच्या टूजीत सरळ टॉवरची हुकूमशाही: एका फ्रिक्वेन्सीवर आठ जण, प्रत्येकाला ५७७ मायक्रोसेकंद, पुढचा! पण ती जागा कंपन्या पैसे मोजून घेतात. वाय-फायची फुकट, म्हणून इथे सगळेच मालक.

आमच्या अध्यक्षांनी यावर उपाय शोधलाय. चार अँटेनांचा नवा राउटर आणलाय आणि २.४ वरच ४० मेगाहर्ट्‌झची रुंदी लावून ठेवलीय. अख्खा पट्टा आहे ८३.५ चा.