चार दिवसांआड

शाश्वत विकासाची प्रगती आकड्यांत मोजतात. 2015 मध्ये 193 देशांनी 17 उद्दिष्टे आणि 169 लक्ष्ये मान्य केली, मुदत 2030. सहावे उद्दिष्ट पाण्याचे. पाणी घरात यावे, शुद्ध असावे आणि गरजेला मिळावे, अशा अटी आहेत. 'गरजेला' याचीही व्याख्या केलेली आहे: पाणी पुरते असे घरच्यांनी सांगावे, नाहीतर दिवसाला किमान 12 तास किंवा आठवड्यातून 4 दिवस तरी ते यावे.

चारचा हा आकडा सोलापूरने केव्हाच गाठला. जग पाणी येण्याचे दिवस मोजते, सोलापूर न येण्याचे, एवढाच फरक.

'चार दिवसांआड' हे येथील एकक आहे. मराठीत आड म्हणजे विहीर आणि आड म्हणजे खंडही. पहिला आड बुजवून नळ आला, नळाबरोबर दुसरा आला. चार दिवसांआड म्हणजे पाचव्या दिवशी. सोमवारी पाणी आले की पुढे शनिवारी, मग गुरुवारी, मंगळवारी, रविवारी, शुक्रवारी, बुधवारी. पस्तीस दिवसांत सातही वारांना एकेकदा न्याय मिळतो. इतके समन्यायी वाटप जगाच्या कोष्टकात शोधून सापडणार नाही. मध्येच जलवाहिनी फुटली की पाळी एक दिवस पुढे सरकते आणि वारांचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. दिनदर्शिकेवर एकादशीशेजारी नळाची खूण असते ती यासाठी.

'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार' ही म्हण येथे लागू पडत नाही. भीमेवरचे उजनी धरण 117 टीएमसीचे. ते तुडुंब भरले तरी आड चारचाच राहतो, मग दुष्काळाचे नाव कशाला घ्यायचे? पाणी पहाटे तीनला येणार म्हणून घरातल्या बाईने दोनला उठायचे, मोटर लावायची, ड्रम, घागरी, पातेली, शेवटी आमटीचे भांडेसुद्धा भरायचे आणि सातला डबा करायचा, हे वर्षानुवर्षे चालू आहे, आणि याची लाज कुणालाच वाटत नाही. पाचव्या उद्दिष्टात बिनपगारी घरकामाचा वेळ मोजतात. कोरड्या नळाखाली बादली लावून बसण्यात गेलेला तास त्यात कामात धरायचा की विश्रांतीत?

पाहणी करणारा पाचव्या दिवशी आला, तर पाणी पुरते का, या प्रश्नाला 'आज पुरतं' असे उत्तर मिळते. त्याच्या प्रश्नावलीत 'आज' लिहायला रकाना नसतो.