दौडीची जमाबंदी

ज्या सावनेरात 23 जानेवारी 1919 रोजी राम गणेश गडकरी यांनी देह ठेवला, त्या गावी राहून नाटकाचा नाद न लागणे ही निव्वळ कृतघ्नता होय, असे मानणाऱ्या आमच्या एका कारकून स्नेह्यांनी तालीम, बाजाची पेटी आणि कचेरी या तीन जहागिरींत दीर्घ पल्ल्याच्या दौडीची चौथी जोडली आहे. पहाटे ते छिंदवाड्याच्या रस्त्याला लागतात आणि कोळशाच्या ट्रकांमागून धावत प्राणायाम व धूळ एकाच श्वासात साधतात. मॅरेथॉनचे 42.195 किलोमीटर हे अंतर 1908 साली लंडनमध्ये राजवाड्यापासून राजासनापर्यंतच्या सोयीने पडले व 1921 साली कायम झाले, हे कळल्यापासून तर (वरिष्ठांच्या सोयीने ठरलेले निमूटपणे पार पाडण्याचा त्यांचा सराव जुना!) त्यांचा उत्साह दुणावला आहे. परिणामी तालमीत त्यांना डुलकी लागते, पेटीला वाळवी लागते, आणि धावण्याची खरी निकड जिथे आहे त्या कचेरीत एक मिसल शेजारच्या टेबलापर्यंत पोहोचायला तीन आठवडे लागतात. माझ्या फेरफाराच्या अर्जाची चौकशी केली, तेव्हा सध्या विश्रांतीचा आठवडा चालू असल्याचे त्यांनी अदबीने कळविले. अर्ज अद्याप तिथेच आहे.