तोंड बाहेर करून लावा

गहुंज्याला मॅच जाहीर झाली की पुण्यात दोन प्रश्न पाठोपाठ येतात. तिकीट मिळालं का? आणि गाडी कुठे लावणार? पहिला प्रश्न नशिबाचा, म्हणून त्यावर फारसं कोणी बोलत नाही. दुसरा अकलेचा. अक्कल प्रत्येकाजवळ भरपूर असल्याने त्यावर आठवडाभर चर्चा चालते.

नेहरू स्टेडियमच्या काळात ही भानगड नव्हती. स्वारगेटजवळचं मैदान, सारसबाग हाकेच्या अंतरावर. सायकल कुठल्या तरी भिंतीला टेकवावी, कुलूप घालावं आणि आत शिरावं. २९ फेब्रुवारी १९९६ ला केनियाने तिथे वर्ल्ड कपमध्ये वेस्ट इंडीजला ९३ धावांत गुंडाळलं. एवढा मोठा चमत्कार पाहून माणसं बाहेर आली आणि सायकलवर टांग मारून घरी गेली. जाताना केनियाबद्दल बोलायला त्यांना सवड होती, हे महत्त्वाचं.

२०१२ पासून क्रिकेट शहराबाहेर, पवनेकाठच्या गहुंज्याला राहायला गेलं. स्टेडियम देखणं, द्रुतगती महामार्गाच्या कडेला, मागे डोंगर. सदतीस हजारांच्या आसपास माणसं बसतात. ही माणसं येणार कशी, हा तपशील मात्र ज्याचा त्याने सोडवायचा. त्यात द्रुतगती महामार्गावर दुचाकीला बंदी. पुणेकराला दुचाकीशिवाय ये म्हणणं म्हणजे पाय घरी ठेवून ये म्हणण्यासारखंच. मग तो देहूरोडकडून, जुन्या हायवेने, गल्लीबोळ शोधत येतो. काही शहाणे लोणावळा लोकलने बेगडेवाडीला उतरून पुढे चालू लागतात. पण लोकलने गेलेल्याच्या मताला नंतरच्या चर्चेत वजन नसतं. त्याने काही सोसलेलंच नसतं!

चारचाकीवाल्यांचं आगमन मात्र बघण्यासारखं. सामना दोनला असला तर हे अकरालाच हजर. आजूबाजूच्या मोकळ्या रानात चुना मारून रांगा आखलेल्या असतात. एरवी ढेकळं असलेल्या जमिनीवर आज सेडान उभ्या. शिट्टी तोंडात धरलेला एक पोरगा शेकडो सुशिक्षितांना हाताच्या इशाऱ्यावर नाचवत असतो. जन्मात कोणाचं न ऐकणारी माणसं त्याच्या ‘येऊ द्या, येऊ द्या, बस!’ला निमूट मान देतात. मधेच शिट्टी काढून तो ओरडतो, ‘काका, तोंड भाईर करून लावा!’

नवखा माणूस म्हणतो, आता कशाला, जाताना बघू. मुरलेला माणूस घाम गाळत, तीन-चारदा मागेपुढे करत गाडी वळवून ठेवतो. कारण त्याला ठाऊक असतं, आत शिरणं सोपं आहे. आत लोक टप्प्याटप्प्याने येतात, बाहेर मात्र सगळे एकाच क्षणी पडतात. लांब लावावी की जवळ, यावर दोन पक्ष आहेत. जवळ लावणाऱ्याचं चालणं वाचतं आणि निघताना त्याच्यापुढे सगळं मावळ उभं राहतं. लांब लावणारा दोन किलोमीटर तंगडतोड करतो, पण हायवेला पहिला लागतो. माझं मत लांबवाल्यांच्या बाजूने आहे; घरून चिडक्या बायकोचा फोन येत असेल तर तुमचंही होईल.

खरी गंमत यापुढेच. एकदा गाडी लावली की तुम्ही सामना किती बघायचा हे गाडी ठरवते. चाळिसाव्या षटकानंतर बघा, माणसाचे डोळे खेळपट्टीवर आणि मन रांग नंबर अमुकमध्ये. ‘आता निघालो तर बरं’ हे वाक्य कुठल्याही दिशेने ऐकू येतं.

१५ जानेवारी २०१७ चा रविवार. इंग्लंडविरुद्ध ३५१ हव्यात आणि आपले ६३ वर ४ गेलेले. गाडी काढायला याहून चांगला मुहूर्त कुठला? जे व्यवहारी होते ते उठले असणार. मग कोहलीने १२२ केल्या आणि आपल्या कोथरूडच्या केदार जाधवने ७६ चेंडूंत १२०. भारत जिंकला.

२०२३ च्या वर्ल्ड कपात, १९ ऑक्टोबरला, बांगलादेशविरुद्ध उलटी परीक्षा. आव्हान २५७ चं, सामना खिशात. जिंकणार हे नक्की झाल्यावर थांबायचं कशाला? पण जिंकायला हव्या होत्या जवळपास तेवढ्याच धावा कोहलीला शतकासाठी हव्या होत्या. पलीकडे राहुल सरळसरळ एकेरी धावा नाकारू लागला. इकडे जिन्यावर एक पाय ठेवलेल्यांची काय अवस्था! नाकारलेली प्रत्येक धाव म्हणजे हायवेवर आपल्यापुढे आणखी एक गाडी. शेवटी नसुम अहमदला षटकार बसला. विजय आणि अठ्ठेचाळिसावं शतक एकाच फटक्यात आलं. त्या वेळी रानात गाडीची किल्ली दाबून ‘आपली कुठली वाजतेय’ ते शोधणाऱ्यांनी स्टेडियमची आरोळी ऐकली असेल. आरोळीवरून षटकार ओळखता येतो, शतक ओळखायला फोन बघावा लागतो.

पण आजवर मला असा एकही माणूस भेटलेला नाही, जो यापैकी कुठल्याही दिवशी लवकर निघाला होता. सगळे शेवटपर्यंत होते. केदारचा एकेक फटका ते हात फिरवून दाखवतात. पुरावा म्हणून तिकीटही जपून ठेवलेलं असतं. तिकिटावर कोणी कधी बाहेर पडलं ते छापत नाहीत.