युरोवाले तात्या

तात्या विविध कार्यकारी सोसायटीचे गटसचिव होते. निवृत्त होऊन जमाना झाला, पण डोक्यातली किर्द-खतावणी काही बंद झाली नाही. ताळेबंदात चार आण्यांचा फरक निघाला तर रात्र जागवणारा हा माणूस. मुलीनं त्यांना 2025 च्या उन्हाळ्यात जर्मनीला नेलं आणि जूनमध्ये परत धाडलं, तेव्हा फॉरेक्स कार्डात 43 युरो 60 सेंट शिल्लक होते. दुसऱ्यानं सोडून दिले असते. पण येणे बाकी सोडून देणं तात्यांच्या जातकुळीतच नाही.

आधी त्यांनी ते इथंच खर्चून बघितले. मांजरसुंब्याच्या चौकात बीड, पाटोदा, केज, चौसाळा अशी चारी बाजूंची वाहतूक. पेट्रोल पंपाला तोटा नाही. पंपावरच्या पोरानं मशीनला कार्ड लावलं, मशीननं नकार दिला. हे कार्ड भारत, नेपाळ आणि भूतानमध्ये चालत नाही, हे तात्यांना नंतर कळलं.

"म्हंजी म्युनिकात चहा पाजतंय आन् घरी आल्यावर वळखत नाही?" तात्या म्हणाले. "जावयासारखंच झालं की."

बँकेच्या बीडच्या शाखेनं सांगितलं, जिथून कार्ड काढलं तिथं जा. म्हणजे छत्रपती संभाजीनगरला. हॉटेलातल्या बाकावर सगळ्यांनी समजावलं की जाण्यायेण्याचा खर्च काढा, काय उरतं? पण तात्या पंचाहत्तरीच्या पुढचे, एसटी फुकट. हा मुद्दा त्यांनी आधीच निकालात काढला होता.

लगेच मात्र गेले नाहीत. कार्ड भरलं तेव्हा युरो नव्वदीच्या पुढंमागं होता. जुलैत तो शंभरावर गेला आणि तात्यांना चव लागली. आमच्याकडं घरोघरी सोयाबीनची पोती पडून असतात, भाव वाढला की काढू म्हणून. 2025 च्या हंगामात सरकार हमीभाव 5,328 सांगत होतं, आडतीवर वेगळंच ऐकू यायचं. तात्यांनी युरोचं तेच केलं. सकाळी बाकावर बसले की लोक पावसापाण्याचं विचारायचं सोडून "तात्या, युरो कुठवर आला?" म्हणायचे. तात्या सदऱ्याच्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीतलं कार्ड काढायचे, उगाच निरखायचे आणि सांगायचे, "थांबा. अजून धरायचाय."

धरायलाही मर्यादा होती. परदेशातून आल्यावर उरलेलं चलन 180 दिवसांत परत करावं लागतं. दोन हजार डॉलरपर्यंतच्या नोटा जवळ ठेवता येतात, हे कुणीतरी सांगितलं तर तात्या उखडले, "माझ्याकडं नोटा हायत का? कार्ड हाय!" कॅलेंडरवर डिसेंबरातल्या एका तारखेभोवती त्यांनी लाल गोल काढला. काकूंना वाटलं, सोयरीक ठरली.

शेवटी दिवाळी झाल्यावर गेले. फॉर्म, पॅन, पासपोर्टची झेरॉक्स, रद्द केलेला चेक. एका कागदासाठीही परत फिरावं लागलं नाही, याचं त्यांना थोडं वाईटच वाटलं असावं. बाजारात युरो शंभराच्या पुढं होता, बँकेनं 98 लावले. विकताना एक भाव, घेताना दुसरा. सोसायटीत जन्म काढलेल्या माणसाला यात नवल नव्हतं. ते अडले जीएसटीवर. चलन बदलाच्या रकमेचा एक टक्का धरून त्यावर 18 टक्के कर. म्हणजे 43 रुपयांवर जेमतेम पावणेआठ. पण धरायची रक्कम 250 पेक्षा कमी चालत नाही, म्हणून 45 रुपये.

"37 रुपये कशापायी?" तात्यांनी विचारलं.

काउंटरवरच्या पोरीनं नियम दाखवला. तात्यांनी तो पूर्ण वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. खोट सापडली नाही. नियम चुकीचा नाही, आपलीच उलाढाल लहान आहे, हे पचवायला त्यांना वेळ लागला. खात्यात 4,227 रुपये 80 पैसे जमा झाले. त्यांनी पासबुक भरून घेतलं आणि कराची पावती मागून घेतली.

परवा नेकनूरचे एक चाचा उमरा करून आले, तेही कार्ड घेऊन तात्यांकडं. कार्डात रियाल. तात्यांनी बाकावर सरकून जागा दिली, कार्ड उलटसुलट केलं आणि नाराज झाले.

"चाचा, ह्याला सोताचा भावच नाही. 1986 पासून डॉलरला बांधून ठेवलाय, एका डॉलरला पावणेचार. ह्यात धरून ठेवायची गंमत नाही."

"मग काय करू, तात्या?"

"करायचं काय? पासपोर्टची झेरॉक्स आणलीय का? दोन्ही बाजूंची?"